आउटबोर्ड स्टार्ट होत नाही? आधी कॉम्प्रेशन मोजा, आणि नीट मोजा

नारळी पौर्णिमेच्या आसपास शाकारलेल्या होड्या पाण्यात उतरतात आणि पाठोपाठ एकच तक्रार सुरू होते: मशीन स्टार्ट होत नाही. मग आधी प्लग बदलतात, मग कार्ब्युरेटरचं किट टाकतात, मग कोणाच्या तरी सांगण्यावरून कॉइल आणतात. शेवटी हेड उघडायची वेळ येते. एवढ्या सगळ्यात कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये हवा किती दाबतो ते, कोणी मोजलेलंच नसतं, किंवा मोजलेलं असतं ते थ्रॉटल बंद ठेवून. अशा आकड्यावर विसंबून धडधाकट इंजिनाचं हेड उघडलं जातं, मिठाने धरलेला एखादा बोल्ट आतच तुटतो आणि खरं काम तिथून सुरू होतं.

हा लेख दोरीने चालू होणाऱ्या छोट्या टू-स्ट्रोक आउटबोर्डपुरता, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून आवळायच्या इंजिनांपुरता आहे. साधारण २ ते १५ हॉर्सपॉवर, एक किंवा दोन सिलिंडर. कोकणातल्या खाड्यांत आणि किनाऱ्यालगतच्या जाळ्यांच्या होड्यांवर दिसणारी ८, ९.९ आणि १५ ची दोन सिलिंडरची इंजिनं डोळ्यांसमोर आहेत. पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायचीही त्यात आली.

क्रम असा ठेवा: फुकटातल्या गोष्टी, मग प्लग, मग कॉम्प्रेशन, मग स्पार्क आणि शेवटी इंधन. कॉम्प्रेशन इतकं आधी का? प्लग बघायला काढावेच लागतात, आणि ते बाहेर आहेत तोवर गेज लावायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. इंजिन उघडायचं की नाही, हे तिथेच ठरतं.

## टप्पा १ : सामान जमवा

गेज. चुडीचं, म्हणजे प्लगच्या जागी आट्याने बसणारं गेज घ्या. रबरी टोकाचं गेज एका हाताने दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने दोरी ओढायची, यात टोक हलतं, हवा निसटते आणि आकडा दर वेळी वेगळा येतो.

गेज घेताना नळीचं प्लगकडचं टोक बघा. त्यात सायकलच्या ट्यूबसारखा छोटा वाल्व्ह असायला हवा. काही स्वस्त गेजांत हा वाल्व्ह वर घड्याळाजवळ असतो. मग नळीतली सगळी पोकळी सिलिंडरच्या पोकळीत मिळवली जाते. मोटारीच्या मोठ्या सिलिंडरला त्याने फारसा फरक पडत नाही, पण ८ हॉर्सपॉवरच्या इंजिनात एक सिलिंडर ८० सीसीच्या घरातला असतो. तिथे चांगलं इंजिनही मेलेलं दिसतं.

अडॅप्टर. या इंजिनांना बहुतेक १४ मिमी आट्याचा, आखूड पोहोचेचा प्लग असतो. एनजीकेच्या बी७एचएस जातीत आट्याची लांबी १२.७ मिमी असते. गेजबरोबर येणारा लांब अडॅप्टर १९ मिमीचा असतो. तो लावला तर आत शिरतो आणि पिस्टनचा माथा त्यावर आपटू शकतो. अडॅप्टर जुन्या प्लगशेजारी धरून लांबी जुळवा.

बाकी सामान साधं आहे: २१ मिमीचा प्लग पाना, टॉर्च, तारेचा ब्रश, स्वच्छ फडकी, टू-स्ट्रोक ऑइल, मेडिकलमधून आणलेली ५ मिलीची सिरिंज, काचेची पारदर्शक बरणी, दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या दोन वायरी आणि आकडे लिहायला वही. आकडे डोक्यात ठेवू नका. चौथ्या मोजणीला पहिलीचा आकडा कोणालाच आठवत नाही.

तपासा: गेजवर कोणतं एकक आहे? आपल्याकडे एकाच तबकडीवर पीएसआय आणि किलो प्रति चौरस सेंटिमीटर अशी दोन वर्तुळं असतात. १ किलो म्हणजे सुमारे १४.२ पीएसआय. ७ किलो म्हटलं की १०० पीएसआयच्या आसपास. दोन माणसांनी दोन वर्तुळं वाचून भांडण केल्याचं मी पाहिलंय.

## टप्पा २ : पाना लावण्याआधी

या गोष्टी हास्यास्पद वाटतील, पण बंद पडलेल्या इंजिनांत यांचाच वाटा मोठा असतो.

किल स्विचची लाल दोरी आणि तिची क्लिप जागेवर आहे का? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? इंधनाच्या नळीतला रबरी बल्ब दाबल्यावर कडक होतो का, आणि त्यावरचा बाण इंजिनाकडे आहे का? गियर न्यूट्रलला आहे का? बऱ्याच इंजिनांत गियर पडलेला असेल तर दोरी अडते, आणि लोक इंजिन जाम झालं म्हणून घरी नेतात.

मग कार्ब्युरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून बरणीत थोडं पेट्रोल काढा आणि पाच मिनिटं ठेवा. आता पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं असतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतात. बरणीत तळाला वेगळा थर किंवा फिरणारे थेंब दिसले तर तुमचा शोध बहुधा इथेच संपला. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत अर्धी टाकी भरून ठेवलेलं पेट्रोल असेल तर बरणीचीही गरज नाही, ते टाकून द्या.

इशारा: इंजिन पाण्यात पडलं असेल किंवा होडी उलटली असेल तर प्लग काढल्याशिवाय दोरीला हात लावू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, भोकं खाली करून पाणी काढा आणि गोड्या पाण्याने धुवा. फ्लायव्हील हाताने हळू फिरवून बघा. आत वाळूचा करकर आवाज आला तर तिथेच थांबा, हे काम उघडूनच करायचं आहे. करकर नसेल तर ऑइल टाका आणि त्याच दिवशी इंजिन चालू करा. दुसऱ्या दिवसापर्यंत बेअरिंगला गंज धरतो.

## टप्पा ३ : प्लग काढा आणि वाचा

प्लगभोवतीची जागा आधी ब्रशने आणि फुंकून साफ करा. तिथे साठलेलं मीठ आणि वाळू प्लग निघाला की थेट सिलिंडरमध्ये पडते. प्लग घट्ट धरला असेल तर गंज सोडवणारं ऑइल मारून तासभर सोडा. हेड अॅल्युमिनियमचं आहे, पान्याला पाईप लावून जोर केला तर आटेच प्लगबरोबर बाहेर येतात.

दोन्ही प्लग काढून *वरचा* आणि *खालचा* असे वेगळे ठेवा. वरचा सिलिंडर म्हणजे पहिला. फिकट तपकिरी रंग ठीक. काळा, ओला आणि तेलकट प्लग म्हणजे तो सिलिंडर जळत नव्हता, किंवा चोक, ऑइल, रॉकेल यांपैकी काहीतरी जास्त झालं. पांढराफटक, खरबरीत प्लग म्हणजे मिश्रण पातळ होतं किंवा इंजिन तापत होतं. टोकावर अॅल्युमिनियमचे चमकते बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचे आहेत. अशा वेळी गेजचा आकडा काय येणार याचा अंदाज आधीच येतो.

आता टॉर्च घेऊन भोकातून पिस्टनचा माथा बघा. त्यावर काजळीचा थर असणं स्वाभाविक आहे. एका सिलिंडरचा माथा काळा आणि दुसऱ्याचा घासल्यासारखा लख्ख असेल तर त्या लख्ख सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय. वाफेने काजळी धुऊन निघते. हेड गॅस्केटवर संशय घ्या आणि वहीत लिहून ठेवा. मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा मिळाला तर सिलिंडरच्या भिंतीही बघता येतात.

## टप्पा ४ : प्रत्यक्ष मोजणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. क्रम मोडू नका.

१. इंजिन चालू होत असेल तर आधी पाच मिनिटं पाण्यात चालवून गरम करा. होत नसेल तर थंडच मोजा, फक्त वहीत "थंड" असं लिहा.

२. इंजिन स्टँडवर किंवा होडीच्या ट्रान्समवर, म्हणजे मागच्या फळीवर, घट्ट आवळलेलं हवं. मांडीवर किंवा भिंतीला टेकवून दोरी ओढू नका.

३. इंधनाची नळी काढा. किल स्विचची क्लिप ओढा. दोन्ही प्लग-वायरींची टोकं चिमट्याच्या वायरींनी ब्लॉकच्या उघड्या धातूला जोडा. नुसत्या लोंबत्या सोडल्या तर स्पार्कला जायला वाट राहत नाही आणि त्याचा ताण कॉइल व सीडीआयवर (ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यावर) येतो. शिवाय उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. त्या वाफेजवळ ठिणगी आणि बिडी दोन्ही नकोत.

४. दोन्ही प्लग बाहेर हवेत. एकच काढला तर दुसरा सिलिंडर दोरीला अडवतो, वेग मिळत नाही आणि आकडा कमी येतो.

५. पहिल्या सिलिंडरला गेज हाताने आवळा. वॉशर किंवा ओ-रिंग जागेवर आहे ना ते बघा.

६. चोक पूर्ण उघडा आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. इथे एक गोम आहे: हँडलच्या बहुतेक इंजिनांत न्यूट्रलमध्ये थ्रॉटल अर्ध्यातच अडतो. मूठ शेवटपर्यंत फिरली म्हणजे पाकळी उघडली असं धरू नका. कव्हर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघा. पाकळी आडवी झाली नसेल तर बोटाने लिव्हर दाबून धरायला कोणाला तरी सांगा. आत हवाच आली नाही तर दाबायला काय उरणार?

७. दोरी आधी हळू ओढून दात धरू द्या, मग सलग आणि दमदार ओढा. पाच-सहा वेळा, किंवा काटा वाढायचा थांबेपर्यंत. पहिल्या ओढीचा आकडा आणि शेवटचा आकडा असे दोन्ही लिहा.

८. गेजचं बटण दाबून काटा शून्यावर आणा. तीच मोजणी पुन्हा करा. मग दुसरा सिलिंडर. सगळ्या ओढी एकाच माणसाने मारायच्या. पहिला सिलिंडर तांडेलाने आणि दुसरा दमलेल्या पोराने ओढला तर फरक इंजिनाचा की हातांचा, हे कळायला मार्ग नाही.

तपासा: एकाच सिलिंडरच्या दोन मोजण्यांत पाचेक पीएसआयपेक्षा जास्त फरक आला तर पुढे जाऊ नका. गेज नीट बसलेलं नाही किंवा त्याचा वाल्व्ह गळतोय. शेवटची ओढ झाल्यावर काटा आपोआप खाली सरकत असेल तरी दोष गेजचा आहे.

## टप्पा ५ : आकड्याचा अर्थ

तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा सगळ्यात आधी. तो हाताशी नसेल तर पेट्रोलच्या छोट्या टू-स्ट्रोकसाठी ढोबळ मर्यादा अशी धरतात: ९० ते १३० पीएसआय म्हणजे इंजिन धडधाकट. ७५-८० च्या खाली गेलं की थंड असताना दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. ६० च्या आसपास आलं की बहुधा चालूच होत नाही.

रॉकेलच्या मॉडेलला हे आकडे लावू नका. रॉकेल जास्त दाबात ठोकतं, म्हणून त्या इंजिनांचं कॉम्प्रेशन कारखान्यातूनच कमी ठेवलेलं असतं. शेजारच्या पेट्रोल इंजिनाला ११० आणि आपल्या रॉकेलवाल्याला ९० आले म्हणून पिस्टनच्या रिंगा बदलायला निघणारे दर मोसमात भेटतात.

एकट्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक जास्त बोलका. १० टक्क्यांपर्यंत चालतो. १५ टक्क्यांच्या वर गेला तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये काहीतरी आहे. दोन्हीकडे ८८ आणि ९०, इंजिन थंडीतही दुसऱ्या ओढीला घेतं, तर त्याला हात लावू नका. वर ११२ आणि खाली ८४, तर मात्र इंजिन चालत असलं तरी कारण शोधा.

ओढीगणिक काटा कसा चढतो तेही बघा. उदाहरणार्थ, एका सिलिंडरला काटा ६०, ८५, ९८, १०४, १०५ असा चढला आणि दुसऱ्याला २५, ४५, ६०, ७२, ८२. पहिल्याच्या रिंगा पहिल्याच ओढीला दाब धरतात. दुसरा हवा जमवतो आणि प्रत्येक ओढीत थोडी गमावतो. शेवटचा आकडाच लिहिला असता तर हा दुसरा सिलिंडर "जरा कमी" एवढ्यावर सुटला असता.

आकडा नेहमीपेक्षा खूप जास्त आला तर खूश होण्याआधी काजळी आठवा. माथ्यावर आणि हेडमध्ये जाड थर साठला की पोकळी कमी होते आणि आकडा फुगतो. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांत हे हमखास होतं.

## टप्पा ६ : आकडा कमी आला तर

लगेच हेडला पाना लावू नका. आधी ऑइलची चाचणी.

सिरिंजने २-३ मिली टू-स्ट्रोक ऑइल प्लगच्या भोकातून सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला तर दाब रिंगांजवळून निसटतोय. जवळपास तेवढाच राहिला तर गॅस्केट, हेड किंवा पिस्टनला पडलेलं भोक. ऑइल जास्त ओतू नका. त्याने पोकळी भरून आकडा खोटा वाढतो.

आउटबोर्डमध्ये ही चाचणी अनेकदा फसते, कारण सिलिंडर आडवे असतात. ऑइल खालच्या अंगाला जमतं आणि रिंगेचा वरचा भाग कोरडाच राहतो. इंजिन पूर्ण वर उचललं की हेडची बाजू वरच्या अंगाला येते. तसं करून ऑइल सोडा, फ्लायव्हील हाताने दोन-तीन वेळा फिरवा, मग इंजिन सरळ करून मोजा.

इशारा: वर उचलण्याआधी इंजिन काही वेळ सरळ उभं ठेवून त्याच्या पायातलं, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागातलं, पाणी पूर्ण निथळू द्या. खालचा भाग डोक्यापेक्षा उंच गेला तर एक्झॉस्टच्या वाटेने तेच पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. खांद्यावरून इंजिन नेतानाही हे लक्षात ठेवा.

रिंगा चिकटल्या असतील तर. रॉकेल, ऑइलचं चुकीचं प्रमाण आणि दोन महिने पडून राहणं, या तिन्हींमुळे रिंगा काजळीने आपल्या खाचेत घट्ट बसतात. त्या झिजलेल्या नसतात, फक्त फुलत नाहीत. इंजिन वर उचलून एका वेळी एकच सिलिंडर घ्या. पिस्टन वरच्या टोकाजवळ आणा, म्हणजे पोर्ट झाकले जातील आणि सोडलेलं द्रव लगेच निसटणार नाही. काजळी सोडवणारा स्प्रे किंवा तो नसेल तर गंज सोडवणारं ऑइल टाकून रात्रभर ठेवा. सकाळी प्लगच्या भोकावर फडकं धरून दोरी ओढा, सगळं बाहेर येऊ द्या, मग दुसरा सिलिंडर. त्यानंतर जुनेच प्लग लावून पाण्यात चालवा. धूर भयंकर होईल. गरम असतानाच पुन्हा मोजा. आकडा दहा-पंधराने चढला तर हाच उपाय आणखी एकदा करण्यात अर्थ आहे. जागचा हलला नाही तर उघडावं लागेल.

दोन्ही सिलिंडर सारखेच कमी असतील तर दोघांच्या मधल्या पट्टीत गॅस्केट जळाल्याचा संशय येतो. फ्लायव्हील फिरवताना एका भोकातली हवा दुसऱ्यातून फुसकन येते का बघा. हेड काढायचं ठरलं तर बोल्टना आदल्या दिवशी ऑइल मारा आणि बाहेरून आत असे थोडे थोडे सैल करा. हेड जाड काचेवर ठेवून वाकलंय का बघा. साधारण ०.१ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून आठच्या आकड्यात घासून सपाट करा. गॅस्केट नवंच टाका. बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा.

बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, उभे ओरखडे दिसले तर नुसत्या रिंगा टाकून पैसे घालवू नका. त्या महिनाभर चालतील. रिबोर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा की इंजिन बदलायचं, हा हिशेब तिथे करा. आणि इंजिन सीज (जाम) का झालं ते शोधल्याशिवाय नवा पिस्टन बसवू नका. खाडीतल्या वाळूने खाल्लेला इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र), मिठाने बुजलेला थर्मोस्टॅट, अंदाजाने टाकलेलं ऑइल, कार्ब्युरेटरच्या बुडाशी हवा ओढणारं गॅस्केट, यांपैकी एक तरी सापडतंच.

## टप्पा ७ : कॉम्प्रेशन ठीक, तरी स्टार्ट होत नाही

इथे आलात तर हेड वाचलं. आता तीन गोष्टी उरतात.

स्पार्क. इंधनाची नळी लांब ठेवा, मोजणीसाठी काढलेली किल स्विचची क्लिप परत लावा, प्लगची भोकं जुन्या प्लगांनी बंद करा. नवा प्लग कॅपमध्ये घालून हेडच्या धातूला टेकवा आणि दोरी ओढा. प्लगच्या बारीक फटीत ठिणगी दिसली म्हणजे सगळं ठीक, असं नाही. दाबाखाली ती मरू शकते. स्पार्क टेस्टर लावून ६ ते ९ मिमी हवेतून निळी, कडकडणारी ठिणगी उडते का बघा. पिवळट आणि मऊ असेल तर आधी कॅप फिरवून काढा. वायरीच्या टोकाला हिरवट गंज असतो. ५ मिमी कापून कॅप पुन्हा बसवा. ठिणगी अजिबात नसेल तर किल स्विचची वायर सोडून बघा. स्विच ओला होऊन इंजिन बंदच ठेवत असतो. हा पाच मिनिटांचा उपाय सोडून थेट सीडीआय विकत घेणाऱ्यांची कमी नाही, आणि इलेक्ट्रिकचा माल दुकानदार परत घेत नाहीत.

प्लग बदलताना क्रमांक पूर्ण जुळवा. एनजीकेच्या क्रमांकाच्या शेवटी १० असेल तर तो १.० मिमी फटीचा असतो.

इंधन. दहा ओढींनंतर प्लग काढा. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोहोचत नाही: फिल्टर, पंपाचा पडदा, बुजलेलं जेट या क्रमाने बघा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा फवारा पुरतो. प्लग ओला असेल आणि ठिणगीही चांगली असेल, तर प्लग काढून, थ्रॉटल उघडून, दोरी ओढून आतलं जास्तीचं पेट्रोल बाहेर काढा आणि कोरडा प्लग लावून चोकशिवाय प्रयत्न करा.

रॉकेलवाल्यांची एक खास चूक आहे. किनाऱ्याला येताना शेवटची काही मिनिटं कॉक पेट्रोलवर फिरवायला विसरायचं. वाटीत रॉकेल राहतं आणि सकाळी थंड इंजिन ते पेटवत नाही. वाटी काढून रिकामी करा, पेट्रोल भरा. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं.

टायमिंग. कॉम्प्रेशन, स्पार्क, पेट्रोल तिन्ही आहे, पण इंजिन उलट झटका देतं किंवा कार्ब्युरेटरमधून फाटकन आवाज करतं? पंखा (प्रोपेलर) खडकाला आपटला होता का, आठवा. फ्लायव्हील शाफ्टवर धरून ठेवणारी छोटी चावी कातरली की ठिणगी भलत्याच वेळी पडते. फ्लायव्हील पुलरनेच काढा. हातोडा मारला तर चुंबक सुटतात.

यातून काहीच सापडलं नाही तर राहतो तो क्रँककेस. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालीही हवा दाबली जाते आणि त्याच दाबाने मिश्रण वर जातं. प्लगच्या भोकातलं गेज हे बघतच नाही. कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोलची वाफ मागे उडत असेल तर रीड वाल्व्ह, म्हणजे मिश्रण आत घेऊन परत न सोडणाऱ्या पाकळ्या. फ्लायव्हीलखाली तेलकट ओल असेल, आयडल कधी वर कधी खाली जात असेल तर क्रँकचं सील. याची चाचणी सगळी तोंडं बंद करून हलका दाब देऊन करतात. ती मेकॅनिककडेच करून घ्या, आणि त्याला तुमच्या वहीतले आकडे दाखवा, म्हणजे तो पुन्हा शून्यापासून सुरू करणार नाही.

## टप्पा ८ : चालू होतं, पण ताकद नाही

बल्ब चपटा होत असेल तर टाकीचा हवेचा स्क्रू बंद आहे किंवा टाकीतली जाळी बुजली आहे. बल्ब दाबत राहिल्यावर इंजिन नीट चालतं आणि सोडलं की मरतं, तर पंपाचा पडदा गेला किंवा कनेक्टरची ओ-रिंग हवा ओढतेय. इंजिन जोरात ओरडतं पण होडी सरकत नाही, तर पंख्याच्या आतलं रबर घसरतंय. त्याचा कॉम्प्रेशनशी संबंध नाही.

एक सिलिंडर मेला असेल असं वाटलं तर चालू इंजिनाची प्लग कॅप उपटू नका. इंजिन बंद करून लगेच दोन्ही प्लग काढा. मेलेल्या सिलिंडरचा प्लग ओला आणि दुसऱ्यापेक्षा थंड असतो.

ऑइलचं प्रमाण मोजून टाका. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, १० लिटरला २०० मिली. काही इंजिनांना १०० ला १ चालतं, ते लेबलवर लिहिलेलं असतं. नवा पिस्टन असेल तर सुरुवातीला २५ ला १. "दोन टोपणं" हे माप नाही. ऑइल टीसी-डब्ल्यू३ जातीचंच, मोटरसायकलचं टू-टी नको. ते हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं.

## टप्पा ९ : जोडणी आणि पिंपातली चाचणी

प्लग हाताने शेवटपर्यंत आटवा. नवा असेल तर पान्याने आणखी अर्धा फेरा. जुना असेल तर अगदी थोडा, कारण त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो. वायरी आपापल्या जागी, किल स्विचची वायर पुन्हा जोडलेली, थ्रॉटल उघडा ठेवायला काही बांधलं असेल तर ते काढलेलं.

पिंपात पाणी पंपाच्या वर, म्हणजे पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्याही वर येईल इतकं भरा. कोरडं इंजिन "फक्त दोन सेकंद" चालवायचं नाही. इम्पेलरचं रबर तेवढ्यात करपतं. चालू झाल्यावर मागची पाण्याची धार बघा. मिनिटभरात सणसणीत धार आली नाही तर बंद करा, भोकात बारीक तार घालून मीठ काढा, तरीही नाही आली तर इम्पेलर. पिंपात गियर टाकून रेस करू नका, पाणी बाहेर उडून पातळी खाली जाते.

पाच-दहा मिनिटांनी, इंजिन गरम असतानाच, दोन्ही सिलिंडर पुन्हा मोजा. तारीख, गरम की थंड, कोणतं गेज, वरचा किती, खालचा किती, हे कव्हरच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने लिहा. पुढच्या वर्षी शाकारण्याआधी त्याच गेजने मोजून त्याच्याच खाली पुढची ओळ.